येतो म्हणून

घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे पोराला धड चालता येण्याआधी शिकवतात. माणूस किराणा दुकानात निघो की दुबईला, उंबरठ्यावर तो 'येतो' म्हणतो आणि आतून कोणीतरी 'या' म्हणतं. मानोऱ्याच्या अलीकडे, कारंजा रोडला लागून जो बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथे घरोघरी गोरमाटी बोलतात, पण उंबरठ्यावरचा हा शब्द तिथेही वऱ्हाडीच. निता लग्न होऊन आली तेव्हा तिला याची मोठी मौज वाटली होती. पुढे तिलाही सवय झाली आणि मौज विसरली.

निता तांड्याची आशा सेविका. कोणाच्या अंगात आलं की आधी थर्मामीटर लावायचा, मग रक्त तपासायला पाठवायचं आणि देवीचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं, असा तिचा खाक्या. त्यामुळे म्हाताऱ्या तिच्यावर खार खाऊन असत, पण गोळ्या तिच्याकडूनच नेत. तिचा नवरा राजपाल कारंजा लाडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. मोटारसायकलने रोज जाऊन-येऊन करायचा आणि नखांतलं ग्रीस कितीही घासलं तरी निघत नाही म्हणून बायकोची बोलणी खायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे राजपालची आई गोमतीबाई. तांड्यात आईला याडी म्हणतात. राजपाल याडी म्हणे, निताही म्हणे, आणि हळूहळू सगळा तांडाच तिला याडी म्हणायला लागला होता.

या याडीच्या कानशिलाशी, पांढऱ्या बटांना बांधलेली, चांदीची घुगरी होती. नवरा जिवंत असलेल्या बाईनेच ती घालायची असते. आणि याडीचा नवरा सोमला तर राजपाल रांगत होता तेव्हाच गेला होता. वणीकडच्या कोळसा खाणीत तो कामाला होता, सणावाराला घरी यायचा. एका पोळ्यानंतर तो परत गेला आणि काही दिवसांतच खाणीत पाणी फुटलं. ज्या बोगद्यात माणसं अडकली होती, तो बोगदा बाकीची खाण वाचवायला भिंत घालून बंद केला. प्रेत हाती लागलं नाही. तांड्यातल्या बायका घुगरी उतरवायला आल्या, तर याडीने त्यांना दारातच अडवलं.

"तो येतो म्हनून गेला," ती म्हणाली होती. "जातो नाही म्हनला."

त्या बायका एकेक करून गेल्या, घुगरी तशीच राहिली. निताला हे चुकीचं वाटायचं. एवढी वर्षं एका शब्दाला बाई बांधून ठेवावी, हा काय न्याय झाला? पण राजपाल हा विषय निघाला की उठून बाहेर जायचा.

ती खाण पुढे बंद पडली. आता तिथे लोकांना तिकीट काढून दाखवतात, खाली दिवे लावलेत, कठडे बसवलेत, हे राजपालला यवतमाळच्या एका ड्रायव्हरने सांगितलं. राजपालने ते सहज घरी सांगितलं आणि याडीने हातातली भाकर परातीत ठेवली. मला तिथे ने, म्हणाली. मला त्याच्याशी एकदा बोलायचंय, मग मी मोकळी. निताने हे उचलून धरलं. सासू तिथे घुगरी उतरवून येईल, इतक्या वर्षांची गाठ सुटेल, असं तिच्या मनात होतं. रामनवमीची पोहरादेवीची यात्रा संपली, जादा गाड्यांचं काम ओसरलं, राजपालला सुट्टी मिळाली आणि तिघं दिग्रस, यवतमाळ करत वणीच्या पुढे पोचले.

खाणीच्या तोंडाशी बाग केली होती. कोळशाच्या डब्यांत झेंडू लावले होते, आइस्क्रीमचा गाडा होता, सेल्फी काढायला खाणकामगाराचा पुतळा होता. वैशाख जवळ आलेला, ऊन नुसतं भाजत होतं. संस्कृती नावाच्या चुणचुणीत मुलीने सगळ्यांना हेल्मेट वाटली. कठडा सोडू नका, डोकं सांभाळा, हे सांगून झाल्यावर तिने शेवटी हसत एक गंमत सांगितली. वर येताना इथे 'येतो' म्हणायचं नाही. जुन्या कामगारांचा तो नियम होता. घरी आपण म्हणतो त्याच्या बरोबर उलट. पाळी संपली की भिंतीला हात लावून 'जातो' म्हणायचं आणि मागे न पाहता वर यायचं. खाण शब्दाची पक्की आहे, येतो म्हटलं की ती वाट पाहते. लोक हसले. निताही हसली.

उताराचा बोगदा होता, पायऱ्या नव्हत्या. थोडं उतरल्यावर उन्हाचा मागमूस राहिला नाही. भिंती ओल्या, काळ्या आणि जवळ होत्या. डोक्यावर लाकडाचे जाड टेकू होते. वास ओल्या राखेसारखा. आपल्या वर किती जमीन आहे, हा विचार निताने दोनदा बाजूला सारला आणि तो दोनदा परत आला. राजपाल मान वाकवून चालत होता. याडी मात्र अशी चालत होती की जशी विहिरीवर निघाली आहे.

भिंत अगदी शेवटी होती. विटांची, वर चुना मारलेला, चुन्याला ओल आलेली. पलीकडे पाणी आहे, संस्कृतीने सांगितलं, आणि ज्यांना बाहेर काढता आलं नाही ते. तिने आवाज खाली केला होता, पण रोज बोलायची वाक्यं ती, त्यांना चाल लागलेली होती. मग ती म्हणाली, आता मी सगळे दिवे घालवते, खाणीतला अंधार कसा असतो तो पाहा.

दिवे गेले. असा अंधार निताने कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे पापण्यांना हात लावून पाहावं लागलं. कोणाचं तरी लेकरू रडायला लागलं. तेवढ्यात निताच्या अगदी जवळून चांदीची बारीक किणकिण झाली आणि याडीचा आवाज आला, रोज अंगणात बोलायची तसा.

"मी थकली आता. या, नाही तं जा."

दिवे आले तेव्हा भिंतीतल्या एका गंजक्या खिळ्याला घुगरी लटकत होती आणि याडीची कानशिलं उघडी होती. निताला हायसं वाटलं. झालं एकदाचं, सुटली बिचारी. लोक परत फिरले होते, पुढे कोणी कोणी हसत 'जातो, जातो' म्हणत होते. राजपाल भिंतीशी रेंगाळला. बाप त्याला आठवतही नव्हता. तरी त्याने चुन्यावर हात टेकला, आणि चांगल्या वळणाचा पोरगा बापाच्या घरून निघताना म्हणेल तसं तो म्हणाला, "येतो, बा."

"ये," उत्तर आलं.

निताने त्याला चिमटा काढला. काय सांगितलं होतं त्या पोरीने? राजपाल ओशाळून हसला, जित्याची खोड, म्हणाला. चढ चढताना निताला तो उतरण्याहून लांब वाटला, पण चढ लांबच वाटतात.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस काही नव्हतं. याडी तर तरतरीत झाली. पहाटे उठून अंगण सारवायची, केसांना तेल लावायची, पेटीतला जुना कशिद्याचा घागरा काढून तिने उन्हात घातला. सुटका माणसाला इतकी मानवते याचं निताला नवल वाटलं. एके दिवशी भाकरी थापताना तिने सहज म्हटलं, याडी, तिथे तुम्ही राजपालला 'ये' म्हणालात ना, म्हणायचं नव्हतं तिथे. याडीचे हात थांबले.

"मी नाही म्हनलं," ती म्हणाली. "तुले बी आयकू आलं का?"

तवा तापला होता, भाकर करपली.

त्यानंतर निता राजपालकडे पाहायला लागली. घराचं दार चांगलं उंच, पण तो आत येताना मान वाकवू लागला होता. खाणीतल्या हेल्मेटचा पट्टा बसला होता तिथे कपाळावर एक काळी रेघ होती, ती साबणानेही जाईना. चपला ओल्या असायच्या. एवढ्या उन्हात, नळाला चार दिवसांनी पाणी येतं तिथे, कारंज्याहून येणाऱ्या माणसाच्या चपला ओल्या कशा? बस धुतली असेल, निताने ठरवलं. ताप पाहिला, नव्हता. रक्त तपासायला पाठवलं, त्यात काही निघालं नाही. यापुढे काय करायचं ते तिच्या पुस्तकात नव्हतं.

एका संध्याकाळी तो अंधारात खाटेवर बसला होता. निताने दिवा लावला तर त्याने डोळ्यांवर हात धरला.

"तिथं कोनी ठोकून राह्यलं," तो म्हणाला. "डेपोतल्या, बसखालच्या पिटात, भिंतीच्या मांगून. मी ठोकलं का तिकून बी ठोकते."

हसावं की रडावं, निताला कळेना. पण बाई मुळातच हातावर हात धरून बसणारी नव्हती. तिने सरळ हिशेब मांडला. जिथे चुकीचा शब्द बोललास, तिथेच जाऊन बरोबर शब्द बोलायचा. रविवारी दोघांनी जायचं, तू भिंतीला हात लावायचा, 'जातो' म्हणायचं आणि मागे न पाहता वर यायचं. खरंखोटं देव जाणे, तिकिटापुरती तर गोष्ट. राजपालने मान डोलावली. रविवार तीन दिवसांवर होता.

शुक्रवारी सकाळी त्याने नेहमीसारखी गाडीला किक मारली आणि दाराकडे पाहून 'येतो' म्हणाला. निता 'या' म्हणाली.

त्याच दिवशी तिची कारंज्याला मीटिंग होती. ती दुपारी आटोपली आणि ती तडक डेपोत गेली. राजपालचा जोडीदार धनराज वडाखाली डबा उघडून बसला होता. तो तिला पाहून उठलाच.

"वयनी, बरं झालं तुमी आल्या. तो पिटातून वरच निंगत नाही. मी आवाज देऊन थकलो."

पिट म्हणजे बसच्या पोटाखालचं काम करायला खणलेला सिमेंटचा चर. वर बस उभी करायची, मेकॅनिकने खाली उभं राहून काम करायचं. लांबीला बसएवढा, रुंदीला हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील असा. दोन्ही टोकांना पायऱ्या. निताने तो आधीही पाहिला होता. वर मानोरा गाडी उभी होती. भर दुपार होती, पत्र्याखाली चिमण्या भांडत होत्या.

ती वाकून पाहू लागली. पलीकडच्या टोकाला, पाठमोरा, खाकी शर्टातला माणूस उभा होता. पान्याने भिंतीवर ठोकत होता आणि कान लावत होता.

निताने हाक मारली. त्याने पाहिलं नाही. ती पदर खोचून पायऱ्या उतरली.

आधी डिझेलचा वास होता. ती चालत गेली. डोक्यावर बसचे पाइप, चिखल वाळलेले, ओळखीचे. ती आणखी चालत गेली. बस संपायला हवी होती. समोरचा माणूस तेवढाच लांब होता.

डिझेलचा वास गेला. ओल्या राखेचा वास आला.

तिने हात पसरले. दोन्ही भिंती ओल्या होत्या. चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या होत्या. वर पाहिलं तर पाइपांच्या जागी लाकडाचे जाड टेकू होते आणि त्यांच्यातून पाणी ठिबकत होतं. मागे वळून पायऱ्या पाहाव्यात असं तिला फार वाटलं. मागे पाहायचं नाही, हे तिला आठवलं.

तिला भीती वाटली. परत फिरली असती तर कोणी तिला नाव ठेवलं नसतं. पण नवरा समोर होता.

उजेड कमी होत गेला, मग उरलाच नाही.

ती हाताने चाचपत पुढे गेली. ठोकण्याचा आवाज थांबला. तिच्या बोटांना एक मनगट लागलं. थंड, ओलं, कोळशाच्या भुकटीने खरखरीत. तिने ते दोन्ही हातांनी धरलं.

"चला घरी," ती म्हणाली.

"निता, तू काहून आली?"

आवाज राजपालचा होता. थोडा लांबून आला, भिंतीला कान लावल्यावर येतो तसा. बोगद्यात आवाज कुठूनही येतो, तिने स्वतःला सांगितलं. मनगट तर तिच्या हातात होतं.

"आमी जातो," ती ओरडली. लहानपणापासून न बोललेला शब्द, जिभेला जडच गेला. "आयकलं का? आमी जातो!"

आणि तिने ओढलं. मनगट सहज आलं, जसं कधीपासून कोणीतरी ओढायची वाट पाहत होतं.

मागून राजपालच्या आवाजात कोणीतरी पुन्हा तिचं नाव घेतलं. ती थांबली नाही. मागे पाहिलं नाही.

पायरी पायाला लागली.

वर ऊन होतं, वड होता, धनराजच्या डब्यातली भाजीही अजून संपली नव्हती. आत्ताच तर गेल्या होत्या, तो म्हणाला. निताच्या मागून आलेला माणूस काळाकुट्ट झाला होता, पण मेकॅनिक काळा असला तर डेपोत कोण वळून पाहतो? तोंड धुऊन घे भाऊ, धनराज म्हणाला, साहेबाले मी सांगतो. त्या माणसाने डोळ्यांवर आडवा हात धरून उभ्या असलेल्या गाड्यांकडे एकेक करून पाहिलं. मोटारसायकलची किल्ली गाडीलाच होती, ती निताने काढून त्याच्या हातात दिली, तर त्याने उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. अंगात त्राण नसेल, तिने समजून घेतलं. दोघं संध्याकाळच्या बसने निघाली. बाई नवऱ्याचा हात धरून एसटीत बसली म्हणून मागच्या पोरी हसल्या, तरी तिने हात सोडला नाही. आपण जिंकलो, हे तिला कळत होतं. तिला मोठ्याने हसू येईल असं वाटत होतं.

तांडा जवळ आल्यावर तो खिडकीतून बाहेर पाहत पहिल्यांदा बोलला. "इथली चिंच कुठं गेली?"

आवाज बसलेला होता. निताला चिंच आठवेना. फाट्यावर उतरून वाटेला लागल्यावर तिला एकदम आठवलं, ते याडीकडून ऐकलेलं. फाट्यावर मोठी चिंच होती, रस्ता रुंद केला तेव्हा तोडली. राजपाल तेव्हा शाळेतही जात नव्हता.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. हात मात्र सोडला.

घराच्या दारात याडी उभी होती. तिने कशिद्याचा घागरा घातला होता, केस विंचरले होते, हातात पाण्याचा तांब्या होता. दिवे लागायची वेळ झालेली, तोंड नीट दिसत नव्हतं. तो दारात आला, मान वाकवली आणि उंबरठ्याच्या बाहेरच थांबला. त्याने मूठ उघडली. कोळशाने काळी झालेली घुगरी त्यात होती.

"आलो, गोमती," तो म्हणाला.

या घरात, या तांड्यात, याडीला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. राजपाल जन्मात कधी याडीशिवाय दुसरं काही बोलला नव्हता. निताने भिंत धरली. अंधारात मागून आलेली हाक तिच्या कानात आता स्पष्ट झाली. निता, तू काहून आली. ती हाक जिथून आली होती तिथे तिने पाठ फिरवली होती, आणि जे हाताला लागलं ते ओढून आणलं होतं.

याडीने घुगरी घेतली, पदराला पुसली, आणि नव्या नवरीसारखी मान खाली घातली.

"लय वखत लावला," ती म्हणाली. तिने पाय धुवायला पाणी ओतलं. पाणी काळं वाहिलं आणि तांब्या रिकामा होईपर्यंत काळंच वाहत राहिलं.

निताने त्या माणसाच्या तोंडाकडे शेवटपर्यंत पाहिलं नाही. ती चुलीशी गेली, कारण दुसरं कुठे जावं ते कळेना. परातीत पीठ घेतलं. आत दोघं हळू आवाजात बोलत होती, खूप दिवसांचं साचलेलं बोलतात तसं. मध्येच याडी हसली. मघाशी एसटीत यायचं राहिलेलं हसू आता निताला आलं नाही, आलं ते रडू. ती आवाज न करता रडली आणि रडता रडता तिला सकाळ आठवली. गाडीची किक, धूर, आणि दाराकडे वळलेलं ते रोजचं तोंड. तो काय म्हणाला होता, ते तिने मनात दोनदा नीट आठवून पाहिलं.

जेवणं झाली. याडी म्हणाली, सूनबाई, दाराची कडी लाव.

निता दाराशी गेली. गळ्यातलं मंगळसूत्र तिने पदराखाली नीट केलं, दार पुढे ओढलं, आणि कडी तशीच मोकळी ठेवून परत आली.